बोटीतला रुपया

मंजुळेनं गाठ मारली, ओढून पाहिली, आणि तरी मन भरेना म्हणून दोन्ही टोकं दातांत धरून पुन्हा आवळली. लाल फडक्याचं बोचकं सुपारीएवढं झालं. आत दहा रुपयांचं नाणं होतं, बोईसरच्या बाजारात सुट्टे म्हणून हाती आलेलं. खरा रुपया तिच्या कनवटीला होता, आणि तिथली कातडी निखारा ठेवल्यासारखी भाजत होती.

"झालं का?" ओटीवरून तिच्या नवऱ्यानं, जानूनं हाक दिली. "मंजुळे, भरती काय तुझ्यासाठी थांबनार नाय."

"आणते, आणते. जीव खाऊ नका."

जानूनं दोन्ही हात पुढं केले. बोचकं ओंजळीत घेऊन कपाळाला लावलं आणि क्षणभर तसाच उभा राहिला. मंजुळेला वाटलं, संपलं. एवढी वर्षं हाताळलेला रुपया, वजनातला फरक त्याच्या हाताला कळणारच. पण जानू वळला आणि पायऱ्या उतरून किनाऱ्याकडं चालायला लागला. ती चौकट धरून उभी राहिली. चोरी पचली याचं बरं वाटायला हवं होतं. वाटली ती भीतीच, आणि ती आधीपेक्षा मोठी होती.

दांडी गावातल्या त्या घरात हा रुपया जानूच्या आज्यापासून होता. आज्यानं पहिली बोट बांधली तेव्हा डोलकाठीच्या बुडाशी तो ठेवला होता. ती बोट मोडली, दुसरी आली, तिसरी आली. लाकूड जाऊन फायबर आलं, शीड जाऊन इंजिन आलं, पण रुपया दरवेळी जुन्या बोटीतून नव्या बोटीत गेला. आता तो नाळेत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या आत, एका खोबणीत असायचा. घरी यायचा वर्षातून एकदा, नारळी पुनवेला. घरच्या बाईनं चिंच आणि चुलीतली राख घेऊन तो घासायचा, देवापुढं ठेवायचा, नव्या लाल फडक्यात बांधायचा आणि पुरुषाच्या हाती द्यायचा. बाईचं काम तिथं संपलं. पुढं बोटीवर त्याचं काय होतं हे बाईनं विचारायचं नाही आणि पुरुषानं सांगायचं नाही.

मंजुळा एडवणहून लग्न होऊन आली, तेव्हा पहिल्याच पुनवेला सासूनं तो तिच्या तळहातावर ठेवला होता. "घास. कुठं काळं ठेवू नको. हा रुपया नाय गो, तुझ्या नवऱ्याचा जीव हाय." नवी नवरी ती, घाबरून इतकं घासलं की बोटांची सालं निघाली. तेव्हापासून दर पुनवेला तिनं तो तसाच घासला, जरा जास्तच. कुठं डाग राहिला आणि त्याच वर्षी काही झालं तर?

कारण मंजुळेला समुद्राची भीती वाटायची. कोळणीनं असं बोलायचं नसतं, म्हणून ती बोलत नसे. पाटी डोक्यावर घेऊन बोईसरच्या चाळींमधून हिंडताना तिच्यासारखी धीट बाई नव्हती. उधारी बुडवणाऱ्याला भर गल्लीत उभा करायची, बिहारी पोरांशी मोडक्या हिंदीत भांडायची, "ये बोंबिल है, तेरा मोबाईल नही, दबा के मत देख!" पण बोट गेली की घरात तिचा आवाज बारीक व्हायचा. रेडिओ लागला तरी दचकायची. निमेश, तिचा मुलगा, शाळेत हुशार निघाला आणि एमआयडीसीत एका कंपनीत लागला, तेव्हा गावभर पेढे वाटताना ती रडली होती. लोकांना वाटलं आनंदानं. खरं तर, एक जीव पाण्यावरून उतरला म्हणून रडली होती.

दुसरा जीव, बोटीचा तांडेल असलेला जानू, उतरायला तयार नव्हता. मागच्या हंगामात त्याच्या बोटीवरचा जुना खलाशी धीरज माशांचा वाटा द्यायला म्हणून आला आणि दारातच घुटमळला. "वयनी, मी सांगितलं म्हनून तांडेलाला बोलू नका. जाळं ओढताना ते खाली बसले. बसले म्हंजी पडलेच. डोळे पांढरे झाले. मी कंबर धरली म्हनून, नायतर..." पुढचं त्यानं हातानंच दाखवलं. पाण्याकडं.

बोईसरच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि समुद्रावर जाणं बंद करा म्हणून सांगितलं. जानू हसला. "डॉक्टरला म्हनावं, एक दिवस ये बोटीवर. मग बघू कोनाला चक्कर येते."

मग एका दुपारी सून हेमांगीनं मोबाईल पुढं केला. त्यात एक माणूस जुनं नाणं बोटांत फिरवत लाखांच्या गोष्टी करत होता. "आई, असाच रुपया आपला हाय ना?" हेमांगी हसली आणि विसरून गेली. मंजुळा विसरली नाही. लाख नको, पण एक जुना टेम्पो, बर्फाची दोन खोकी, बोईसर स्टेशनाजवळ चार हात जागा... जानू छपराखाली बसून मासळी विकेल. जमिनीवर चक्कर आली तर माणूस जमिनीवरच पडतो.

जो रुपया त्याला सांभाळतो तोच काढून घ्यायचा, हे तिला कळत नव्हतं असं नाही. रात्र रात्र कळत होतं. बोटीची एकच फेरी, तिनं मनाशी ठरवलं. विचारून यायचं. मोल नसेल तर पुढच्या फेरीला गुपचूप परत.

बोट गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती पाटी घेऊन बोईसरला निघाली. इंदुबाई तिचं जुनं गिऱ्हाईक. बीडकडची बाई, नवरा झुंबर एका कंपनीत पॅकिंगला. या बाईला मासे खायला मंजुळेनंच शिकवलं होतं.

"इंदुबाई, आमच्या शेजारनीकडं एक जुनं नाणं हाय," मंजुळा बोंबील मोजता मोजता सहज बोलल्यासारखं बोलली. "कुठं दाखवायचं असतं?"

"शेजारनीकडं?" इंदुबाई गालात हसली. "शेजारनीचा घाम तुमच्या कपाळाला कसा काय आला मावशी?"

"ऊन किती हाय!"

"व्हय, ढग आलंय तरी." मग इंदुबाईनं आवाज उतरवला. "जपून बरं. आमच्या गावाकडं एकाला शेतात मडकं घावलं. तहसीलदार आला, पोलीस आले. मडकं तर गेलंच, अन् माणूस बी चौकीवर बसवून ठेवला."

"पन घरचंच असलं तर?"

"घरचं हाय ह्याचा कागद हाय का?"

मंजुळेच्या हातातला बोंबील पाटीत पडला. कागद कुठला? आज्यानं डोलकाठीखाली ठेवलेल्या रुपयाचा कागद कोण करतो?

"अवो, एवढं नका घाबरू," इंदुबाई म्हणाली. "पालघरला मेहुलशेठ हाय, आमच्या ह्यांनी पैंजण मोडलं ते त्याच्याकडंच. माणूस खोटा न्हाई. जुन्या नाण्यांचा नाद हाय त्याला. तेवढं दाखवा, अन् त्या मोबाईलवाल्यांना फोन लावू नका. ते आधी आपल्याकडूनच पैसं मागत्यात."

पाटी इंदुबाईच्या दारात ठेवून मंजुळेनं पालघरची एसटी धरली. खाकीतला कंडक्टर जवळ आला तशी तिची मूठ कनवटीवर गेली. "मावशी, तिकीट मागतोय, दागिने नाही," तो म्हणाला आणि पुढच्या सीटवरची माणसं हसली. मंजुळा हसली नाही. खिडकीबाहेर ताडांचे शेंडे एका बाजूला वळत होते. सकाळी ते दुसऱ्या बाजूला वळत होते, हे तिला दिसलं. तिनं मान फिरवली.

मेहुलशेठचं दुकान अरुंद होतं. त्यानं रुपया हातात घेतला, भिंग डोळ्याला लावलं, दिव्याखाली तिरका धरला, परतला, पुन्हा तिरका धरला. मंजुळा त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. डॉक्टर छातीचा कागद बघताना असाच गप्प झाला होता.

"हा घासलाय कोणी?"

"मी."

"एकदा?"

"दर वर्साला. लग्न झाल्यापासनं. त्याआधी सासू घासायची. त्याआधी तिची सासू."

मेहुलशेठनं भिंग खाली ठेवलं. "मावशी, एका बाजूला डोकं होतं. आता मुकुटाची जरा कड राहिलीय. दुसऱ्या बाजूला साल होतं. ते नाही."

"नाय म्हंजी?"

"पुसलं गेलं. काही सालांचे रुपये थोडेच निघाले होते, ते शोधत लोक माझ्याकडं येतात. बाकीचे पुष्कळ निघाले, त्यांना फक्त चांदीचा भाव. हा त्यातला कुठला, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. तुमच्या चिंचेनं सगळं खाल्लं." मग तिचा चेहरा बघून तो जरा मऊ झाला. "आधी चांदी तरी खरी आहे का बघू. ओरखडा मारत नाही, घाबरू नका."

त्यानं नाजूक काट्यावर रुपया कोरडाच तोलला. मग त्याला दोरा बांधला, काट्याला लटकवला आणि खाली पाण्याचा ग्लास धरला. पाण्यात वजन किती कमी भरतं त्यावरून धातू ओळखता येतो, असं तो सांगत होता. मंजुळेला काही ऐकू येत नव्हतं. दोऱ्याला टांगलेला रुपया हळूहळू पाण्याखाली गेला. त्याच्या कडेवर बारीक बुडबुडे धरले होते. एक सुटला आणि वर आला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"आई, कुठं हाव तुमी?" हेमांगीचा आवाज वाऱ्यात फाटत होता. "मी बंदरावर हाय. वारा फिरलाय. सोसायटीनं वायरलेसवरनं सगळ्यांना परत बोलावलं. बोटी आल्या. सगळ्या आल्या."

"आपली?"

फोनमध्ये नुसता वारा वाजत राहिला.

"हेमांगी, आपली?"

"बाबांचा वायरलेस लागत नाय, आई."

मंजुळेनं काचेवर हात आपटला. "काढा! त्याला पान्यातनं काढा!"

"मावशी, पाणी आहे. ॲसिड नाही."

"काढा सांगते ना! बुडतोय तो!"

मेहुलशेठनं घाईघाईनं दोरा तोडला. रुपया पुसायला त्यानं कापड घेतलं, तोवर तिनं तो ओलाच हिसकावला होता. "चांदी खरी आहे," तो मागून ओरडला. "आणि आता घासू नका!" ती रस्त्यावर पोचली होती.

परतीच्या एसटीत तिनं रुपया मुठीत इतका घट्ट धरला की कड तळव्यात रुतली. भाव चांदीचा. एवढ्यासाठी आपण त्याला उघड्यावर सोडला. लग्नापासून ज्या हातांनी त्याचा जीव घासून लख्ख ठेवला त्याच हातांनी तो काढून घेतला, आणि जागेवर ठेवलं काय, तर सुट्टे पैसे.

दांडीला उतरली तेव्हा समुद्र मातीच्या रंगाचा झाला होता. ओढून घेतलेल्या बोटी एकमेकींना खेटून पडल्या होत्या. त्यांच्यामध्ये एका बोटीएवढी जागा रिकामी होती, आणि सगळे त्या जागेकडं न बघता उभे होते. जानूची थोरली बहीण साखरबाई कमरेवर हात ठेवून पुढंच होती.

"आलीस? नवरा पान्यात आनि तू बाजारात." मग जवळ येऊन तिनं मंजुळेचा दंड धरला. "पुनवेला रुपया घासून दिलास ना हातात?"

"दिला."

"मग रडतेस कशाला? रुपया असताना माझा भाऊ बुडत नाय. आमचे बाबा अशाच वाऱ्यात आले होते. बाकीच्यांनी जाळी टाकून पळ काढला, बाबांनी दोर सोडला नाय. पुरं जाळं वर घेतलं नि मगच आले. रुपया होता म्हनून."

प्रत्येक शब्दासरशी मंजुळा खाली खाली जात होती. सांगावं का? सांगितलं तर बोट येणार आहे का? तिला वाटलं, रुपया इथूनच पाण्यात फेकावा, म्हणजे समुद्राला तो मिळेल. ती लाटांत गुडघाभर गेली. मूठ उघडेना. फेकला आणि जानू परत आला, तर त्याला काय दाखवणार? आणि नाही आला तर? ती वाकली आणि मूठ तशीच पाण्याखाली धरून उभी राहिली, लाट तोंडावर येईपर्यंत. हेमांगीनं तिला ओढून बाहेर काढलं. लोकांना वाटलं, बाई समुद्राच्या पाया पडतेय.

ती रात्र कशी गेली ते तिनं पुढं कधी कुणाला सांगितलं नाही. उजाडल्यावर फोन आला, तिच्या एडवणच्या भावाचा. तिनं तो निमेशच्या हातात दिला, स्वतः कानाला लावेना. निमेशनं ऐकलं आणि मटकन पायरीवर बसला.

"आई, बाबा मामाच्या ओटीवर चहा पितायत. बोट तिथंच खाडीच्या तोंडात नेऊन घातली. सगळे ठीक हायत."

मंजुळा आत गेली आणि देवापुढं न जाता मोरीत जाऊन ओकली.

दुपारी जानू एसटीनं आला, धीरजला सोबत घेऊन. बोट वारा पडला की आणायची होती. गाव ओटीवर जमला. साखरबाईनं भावावरून मीठमिरच्या ओवाळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "रुपयानं राखला!" धीरज जमिनीकडं बघत राहिला.

सगळे गेल्यावर जानूनं खिशातून ओलं लाल फडकं काढलं. दहाचं नाणं ओटीवर ठेवलं.

"ही गाठ दातानं मारलीस ना?"

मंजुळेनं मान हलवली.

"मला पन दातानंच सोडावी लागली."

तिनं मूठ उघडली. तळव्यावर रुपयाच्या कडेचा लाल चंद्र उमटला होता. रुपया तिनं दहाच्या नाण्याशेजारी ठेवला.

"फडक्याची गाठ बोटीवर सोडतात, हे मला ठाव नव्हतं," ती म्हणाली. एवढं कारण तिला सुचलं, आणि ते किती वेडं आहे हे बोलताच कळलं.

"बायकांना सांगत नाय." मग रीत मोडून त्यानं सांगितलं. "वारा उठला की तांडेल नाळेकडं जातो. रुपया काढतो, तोंडात धरतो, आनि जाळं ओढायला लागतो. रुपया तोंडात असला की भ्या वाटत नाय. बाबा असंच करायचे, मी पन तेच करतो."

"मग काल?"

"काल दहाचं नानं निघालं. ते तोंडात धरून काय करू, मंजुळे? पानपट्टीवर जाऊ?"

तिला हसू आलं नाही. त्यालाही नाही.

"अर्धं जाळं पान्यात होतं. पापलेट लागलं होतं चांगलं. धीरज बोलला, ओढू तांडेल. मी हाताकडं बघितलं तर हात कापत होते. असे." त्यानं हात पुढं केले. ते आताही कापत होते, अगदी बारीक, कळेल न कळेल असे. "मी कधी बघितलेच नव्हते. रोज कापत असतील. पायात पन जोर नव्हता. असं भ्या वाटलं, असं भ्या... सुरी घेतली नि दोर कापला. जाळं सोडलं. मग मागं बघितलं नाय, एडवनची वाट धरली."

मंजुळेनं पदर तोंडाशी धरला. "आनि रुपया असता तर?"

जानूनं समुद्राकडं पाहिलं.

"तर ओढत बसलो असतो."

आत हेमांगीनं चहाचं भांडं खाली ठेवलं, त्याचा आवाज आला.

"काय मोल सांगितलं?" जानूनं विचारलं. आपण कुठं गेलो होतो हे तिनं त्याला सांगितलं नव्हतं. पण एवढं त्याला कळणारच.

"चांदीचा भाव. साल पुसलं म्हने. आमीच घासून घासून."

त्यानं रुपया उचलला, गुळगुळीत पाठीवरून अंगठा फिरवला. "आई लई घासायची," एवढंच म्हणाला, आणि तो उठून देव्हाऱ्यात ठेवून आला.

त्यानं समुद्र सोडला नाही. बोट ओढून आणली, नवं जाळं विणायला घेतलं, गोळ्या वेळेवर घ्यायला लागला, आणि किनाऱ्यावरचे घिवलीकडचे दिवे दिसतील तेवढ्यातच फिरेन असं धीरजसमोर कबूल केलं. मंजुळेला टेम्पो मिळाला नाही. तिला वाटलं होतं तसं काहीच झालं नाही.

जाळं पुरं झालं त्या दिवशी तो ओटीवर उभा राहिला. "दे."

मंजुळेचा हात देव्हाऱ्याकडं गेला.

"तो नको. दहाचा दे."

ती तशीच थांबली. देव्हाऱ्यातला रुपया काळवंडायला लागला होता. तिनं त्याला चिंच लावली नव्हती. तो बोटीत ठेवला तर हा माणूस पुन्हा दोर सोडणार नाही. नाही ठेवला तर बोटीत काहीच नाही. दोन्हीची भीती तिला सारखीच वाटत होती आणि कुठली मोठी ते सांगायला भिंग नव्हतं.

"भरती थांबनार नाय," जानू म्हणाला, पण हळू.

तिनं दहाचं नाणं फडक्यात ठेवलं, गाठ मारली आणि सवयीनं टोकं दातांकडं नेली. मग हात खाली घेतला. गाठ तिनं सैलच ठेवली, वारा उठला की एका हिसक्यात सुटेल अशी.